किल्ली उघडी आणि घड्याळ पाण्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत महागड्या स्पोर्ट्स घड्याळांवर पानभर लेख होता तो वाचला. लेख चांगला होता, मराठीत या विषयावर कोणी लिहितं हेच मुळात विशेष, पण सोबतचा फोटो बघून मी हातातला चहा खाली ठेवला. स्विमिंग पूलच्या काठावर एक गृहस्थ बसलेत, पाय पाण्यात, मनगटावर स्टीलचं जाडजूड डायव्हर घड्याळ, आणि त्या घड्याळाची किल्ली उघडी! म्हणजे स्क्रू केलेलीच नाहीये, केस (म्हणजे घड्याळाची धातूची बॉडी) आणि किल्ली यांच्या मधली फट सरळ दिसतेय, मला भिंगसुद्धा लावावं लागलं नाही. आणि फोटोखाली ओळ काय, तर स्क्रू-डाउन क्राउनमुळे, म्हणजे पिळून बंद करायच्या किल्लीमुळे, पाण्याचा थेंबही आत जाऊ शकत नाही.

माझं ठाण्यात घड्याळ दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे, आधी वडिलांचं, आता माझं. रोज कोणाच्या ना कोणाच्या घड्याळातलं पाणी काढायचं हाच धंदा, पावसाळ्यात तर विचारू नका. त्यामुळे राहवलं नाही, पत्र थोडं लांबणार आहे, तुम्हाला वाटलं तर कापा पण मधलं कापू नका.

आधी किल्ली म्हणजे काय ते सांगतो, कारण आता नव्या पिढीला घड्याळाला किल्ली देणं हा शब्दप्रयोगच माहीत नसतो. उजव्या बाजूला जे गोल बोंडुक असतं, जे फिरवून किल्ली देतात आणि ओढून काटे लावतात, ते म्हणजे क्राउन, आम्ही अजून किल्लीच म्हणतो. घड्याळात पाणी शिरायला मुख्य वाटा तीनच, वरची काच, मागचं झाकण आणि ही किल्ली. काच एकदा दाबून बसवली की ती हलत नाही, झाकण एकदा आवळलं की सर्व्हिसिंगपर्यंत हलत नाही, दोघांच्या खाली रबर रिंग घाला आणि विसरा. पण किल्लीचं तसं नाही ना! तिची दांडी केसच्या भोकातून थेट मशीनमध्ये गेलेली, ती फिरली पाहिजे, बाहेर आली पाहिजे, परत आत गेली पाहिजे, आणि हे सगळं करूनही भोक बंद पाहिजे. दार उघडं ठेवून घरात डास येऊ द्यायचे नाहीत, असला प्रकार.

आता लोकांचा (आणि तुमच्या लेखकाचाही) समज असा की आट्यांनी पाणी अडतं. नाही हो. आट्यांनी पाणी अडत असतं तर घरोघरी प्लंबरने नळाला टेफलॉनची टेप कशाला गुंडाळली असती? आट्यांमधून पाणी अगदी आरामात सरकतं. पाणी अडवतं ते रबर. जुना पिळाचा नळ आठवा, त्यात पाणी थांबवतो तो आतला वॉशर आणि आपण पिळ देतो तो फक्त वॉशर दाबून धरायला, वॉशर गेला की कितीही पिळा, नळ टपकतोच. स्क्रू-डाउन क्राउन अगदी हेच आहे. केसमध्ये एक छोटी नळी बसवलेली असते, तिला ट्यूब म्हणतात, तिच्या बाहेरून आटे, किल्लीच्या आतून आटे, आणि किल्लीच्या पोटात एक रबराची चकती. किल्ली पिळत नेली की नळीचं तोंड त्या चकतीवर दाबलं जातं आणि वाट बंद. शिवाय चांगल्या घड्याळात नळीच्या आत वेगळ्या ओ-रिंग, म्हणजे रबराच्या गोल रिंगा, असतात, त्या दांडीभोवती घट्ट बसलेल्या असतात, त्या किल्ली उघडी असतानासुद्धा थोडंफार काम करत राहतात. म्हणजे तुमच्या फोटोतल्या गृहस्थांचं घड्याळ लगेच बुडालंच असेल असं नाही, आतल्या रिंगने सांभाळलंही असेल, पण दोन कुलपांचं दार एका कुलपावर ठेवून गावाला जाण्यातला हा प्रकार झाला.

स्क्रूचं काम दोनच, रबर कायम सारखं दाबलेलं ठेवायचं आणि किल्ली चुकून ओढली जाऊ द्यायची नाही. हे दुसरं काम लोक विसरतात पण मला विचाराल तर तेच मोठं. शर्टाच्या बाहीत अडकून, बॅगेच्या पट्ट्यात अडकून साध्या घड्याळाची किल्ली किती वेळा बाहेर येते ते बघा एकदा. रोलेक्सच्या सबमरीनर या डायव्हर घड्याळाच्या किल्लीच्या दोन्ही बाजूंना केसचेच जे खांदे आलेले दिसतात ते १९५९ पासूनचे, तेही किल्लीला धक्का लागू नये म्हणूनच, त्यांचा पाण्याशी थेट संबंध काही नाही.

इतिहासात तुमच्या लेखात जरा घोळ झालाय म्हणून तोही सांगतो. रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने स्क्रूची किल्ली शोधून काढली असं छापलंय, ते तसं नाहीये. स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ गावच्या पेरेगो आणि पेरे या दोघांनी १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये पेटंटचा अर्ज केला, विल्सडॉर्फने पुढच्या वर्षी त्याचे हक्क मिळवले आणि १९२६ मध्ये ऑयस्टर नावाची, पाणी न शिरणारी केस आणली. माणूस व्यापारी होता, पण कुठली गोष्ट उचलायची हे त्याला बरोबर कळायचं. त्याच्या आधी काय करायचे माहितीये? अख्खं घड्याळ दुसऱ्या एका डबीत घालायचे आणि डबीचं झाकण पिळून बंद करायचे, रोलेक्सचंसुद्धा तसलं मॉडेल होतं. पाणी जायचं नाही हे खरं, पण तेव्हाची घड्याळं रोज किल्ली देणारी, म्हणजे रोज सकाळी डबी उघडा, किल्ली द्या, डबी लावा, हळूहळू आटे झिजून डबी असून नसल्यासारखी. पेरेगो-पेरेंचा डाव असा की अख्खी डबी कशाला, भोक आहे तिथेच झाकण लावा आणि किल्लीलाच झाकण करा.

त्यातही एक गंमत होती, गंमत म्हणजे आमच्यासारख्यांना गंमत. त्या पहिल्या रचनेत किल्ली आणि मशीन कायम जोडलेलं, त्यामुळे स्प्रिंग पूर्ण भरलेली असली की किल्ली फिरायलाच तयार नाही, आणि फिरली नाही तर पिळून बंद कशी करणार? मग मध्ये क्लच घालावा लागला, म्हणजे किल्ली बंद करताना ती दांडीला न फिरवता एकटीच फिरेल. कागदावर सोपी वाटणारी गोष्ट हातात घेतली की अशी नडते.

आता तुमच्या लेखातली ती पोहणारी बाई. मर्सिडीज ग्लाइट्झ, जन्म ब्रायटनचा, लंडनमध्ये टायपिस्ट होती, ७ ऑक्टोबर १९२७ ला इंग्लिश खाडी पोहून गेली, असं करणारी पहिली ब्रिटिश स्त्री. तुमच्या लेखात लिहिलंय की ती रोलेक्स हातात घालून खाडी पोहली. नाही! ज्या दिवशी ती पोहून पार झाली त्या दिवशी तिच्याकडे हे घड्याळ नव्हतंच. झालं असं की त्यानंतर चारच दिवसांनी दुसऱ्या एका बाईने आपणही खाडी पोहल्याचा दावा केला, तो खोटा निघाला, आणि मग लोक ग्लाइट्झवरही शंका घ्यायला लागले. म्हणून ती २१ ऑक्टोबरला परत उतरली, आपलं खरं होतं हे दाखवायला, आणि तेव्हा विल्सडॉर्फने संधी साधून तिला ऑयस्टर दिलं, जे तिने मनगटावर नाही तर गळ्यात अडकवलं होतं. पाणी भयंकर गार, दहा तासांहून जास्त वेळ झुंजली आणि शेवटी तिला बोटीत ओढून घ्यावं लागलं, म्हणजे दुसऱ्या वेळी पोहणं पूर्ण झालंच नाही. घड्याळ मात्र चालू होतं. विल्सडॉर्फने २४ नोव्हेंबर १९२७ ला डेली मेल या इंग्लंडच्या पेपरच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात दिली. मला त्या बाईबद्दल जास्त आदर वाटतो, पण जाहिरातीचं डोकं मानलं पाहिजे, दुकानांच्या काचेत फिशटँक ठेवून त्यात मासे आणि घड्याळ एकत्र सोडायची आयडियाही त्याचीच.

एक लक्षात घ्या, ती बाई पाण्याच्या वरच्या अंगाला पोहत होती, खोल गेली नव्हती. म्हणजे तिथे प्रेशरची परीक्षा झालीच नाही, परीक्षा झाली ती सलग दहा तास पाण्यात राहण्याची. खोलीचा प्रश्न पुढे डायव्हिंग आल्यावर आला, आणि त्याच्याही आधी एक गोष्ट झाली जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. १९३१ मध्ये रोलेक्सने ऑयस्टरमध्ये ऑटोमॅटिक मशीन बसवलं, हात हलला की आपोआप किल्ली भरणारं. लोकांना वाटतं ती सोय आळशी माणसांसाठी, माझ्या मते तिने किल्ली वाचवली. रोज उघडायची गरजच राहिली नाही, आटे झिजायचे थांबले. स्क्रूची किल्ली खऱ्या अर्थाने टिकायला लागली ती तेव्हापासून.

मग १९५३ मध्ये रोलेक्सची ट्विनलॉक नावाची किल्ली आली आणि १९७० मध्ये ट्रिपलॉक, नावातच आलं, सीलिंग वाढवत नेलं. ट्रिपलॉकच्या किल्लीवर मुकुटाच्या चिन्हाखाली तीन ठिपके असतात, कोणाकडे असेल तर बघा. पण म्हणून स्क्रूशिवाय गत्यंतर नाही असं समजू नका. त्याच १९५३ मध्ये ब्लाँपॅं कंपनीने फिफ्टी फॅदम्स नावाचं घड्याळ काढलं, डायव्हरांसाठीच, आणि त्याची किल्ली स्क्रूची नव्हती! दोन रिंगांची होती, म्हणजे पाण्यात चुकून ओढली गेली तरी आतली दुसरी रिंग सांभाळून घेईल. पॅनराइने किल्लीवर एक कमान बसवली आणि तिला एक खटका, खटका पाडला की किल्ली रबरावर दाबली जाते, स्क्रूचा विषयच नाही. ओमेगाने साठच्या दशकात नायड नावाची किल्ली वापरली जी बाहेरच्या पाण्याच्याच दाबाने आत आवळली जायची, आपला आतल्या झाकणाचा कुकर वाफ धरतो तशी काहीशी, कल्पना सुंदर, पण खोल पाण्यात दाब भरपूर आणि वर काठाशी दाबच नाही तर आवळणार कोण? पुढे ओमेगाही स्क्रूवरच आली. आणि सगळ्यात मोठा दाखला तर तुमच्या-आमच्या घरात असेल, कॅसिओचं जी-शॉक, १९८३ पासून २०० मीटरचं रेटिंग आणि स्क्रूची किल्ली सोडाच, किल्लीच नाही, चार बटणं. काही हजारांत. दहा लाखांच्या आसपासचं घड्याळ घालून येणाऱ्या गिऱ्हाईकाला हे सांगितलं की चेहरा बघण्यासारखा होतो, मी मुद्दाम सांगतो.

मीटरचं प्रकरणही एकदा सांगून टाकतो. दहा मीटर खोल गेलं की साधारण एक बार दाब वाढतो, त्यामुळे ३०० मीटर म्हणजे ३० बार, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर तीस किलोहून जास्त वजन. डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ म्हणून नियम आहे, त्यात किमान १०० मीटर लागतं, आणि घड्याळावर लिहिलेल्या दाबाच्या १२५ टक्के दाब देऊन तपासतात. त्यात किल्लीची वेगळी परीक्षा असते, पाण्याच्या दाबाखाली असताना किल्लीवर आडवा जोर देतात, साधारण अर्धा किलोचं वजन टांगावं इतका, दहा मिनिटं. यातून पास झालं तरच डायव्हर. आमच्या धंद्यात एक जुनी समजूत होती की पोहताना हात जोरात मारला की दाब वाढतो म्हणून ५० मीटरच्या घड्याळाने पोहायचं नाही, मीही वर्षानुवर्षं गिऱ्हाईकांना हेच ऐकवलं. मग एकदा इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याने गणित करून दाखवलं, हात सेकंदाला पाच मीटर इतक्या वेगाने मारला तरी दाब वाढतो तो सव्वा मीटर पाण्याइतका. सव्वा मीटर! काका, तुम्ही लोकांना उगाच घाबरवता, म्हणाला. बरोबर होतं त्याचं. मात्र घड्याळं पोहताना बुडतात हेही खरंच, पण हाताच्या जोराने नाही, तर रिंग म्हातारी झालेली असते म्हणून.

रबर म्हातारं होतं हो. गरम पाणी, साबण, शाम्पू, घाम, उन्हात तापलेली गाडी, याने कडक पडतं, चपटं होतं, चिरा जातात. आंघोळीला दाब काही नसतो पण गरम पाणी आणि साबण रोजचे, म्हणून समुद्रापेक्षा बाथरूमने मारलेली घड्याळं माझ्याकडे जास्त येतात. आणि रबर नवं असलं तरी ते लोखंडी भिंत नव्हे. खोल समुद्रात काम करणारे सॅच्युरेशन डायव्हर असतात, आपल्या मुंबई हायच्या तेलाच्या पाइपलाइनींवर पण असे डायव्हर काम करतात, ते दिवसच्या दिवस दाबाच्या खोलीत राहतात आणि हेलियम मिसळलेली हवा श्वासात घेतात. हेलियमचा कण इतका बारीक की पाण्याला दाद न देणाऱ्या त्याच रबरातून तो हळूहळू घड्याळात शिरतो, आणि दाब उतरवायला लागले की आत कोंडलेला गॅस पटकन बाहेर पडू शकत नाही आणि काच उडते. म्हणून १९६७ मध्ये रोलेक्सच्या सी-ड्वेलर या घड्याळाला हेलियम बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आला. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला त्या व्हॉल्व्हचा उपयोग शून्य, पण तो दिसतो छान.

आता दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. घोडबंदर रोडला राहणारा एक तरुण आला, आयटीतला, गोव्याला जाऊन आलेला, घड्याळ ३०० मीटरचं, काच आतून धुरकट. त्याचं म्हणणं एकच, काका मी किल्ली घट्ट लावली होती, शपथ. आदल्याच महिन्यात एका मोठ्या मॉलमधल्या दुकानातून सर्व्हिसिंग करून आणलेलं, बिलही दाखवलं, बिलाचा आकडा बघून मला माझ्या दुकानाचं भाडं आठवलं. मी मशीन बाहेर काढलं, सुकवलं, आणि रिकामी केस टेस्टरला लावली. हा टेस्टर म्हणजे जाड पारदर्शक नळकांडं, खाली पाणी, वर हवा, वरून पंप. घड्याळ आधी हवेत टांगायचं, पंप मारून दाब वाढवायचा आणि पाचेक मिनिटं थांबायचं, कुठे फट असेल तर हवा हळूहळू केसमध्ये शिरते. मग घड्याळ पाण्यात उतरवायचं आणि दाब सावकाश सोडायचा. आत शिरलेली हवा आता बाहेर यायला बघते आणि जिथून येते तिथे बुडबुडे दिसतात, वाट पकडली जाते. दाब पूर्ण उतरायच्या आत घड्याळ वर घ्यायचं, नाहीतर त्याच वाटेने पाणी आत.

मी त्याला म्हणलं, ये, बघ. काचेपाशी काही नाही, झाकणापाशी एक बुडबुडा चिकटलेला, तो बोटाने हलवल्यावर गेला, म्हणजे बाहेरचाच. आणि किल्लीच्या खालून, अगदी नळीच्या मुळापासून, मोहरीच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागोमाग एक, मण्यांची माळ ओढावी तसे वर. किल्ली घट्ट होती बरं का, मी स्वतः लावलेली. तो पोरगा काही बोललाच नाही, नुसता बघत राहिला. नंतर किल्ली काढून भिंगाखाली धरली तर आट्यांना काही झालेलं नव्हतं, एकदम नवे, पण पोटातली चकती कोरडी ठाक, ग्रीसचा मागमूस नाही, आणि तिच्यात वाळूचा एक कण रुतलेला, त्याच्या शेजारून चीर गेलेली. सर्व्हिसिंगमध्ये रिंग बदललीच नव्हती, पुसून परत लावली होती. नवी रिंग, टाचणीच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस, परत टेस्टर, माळ बंद.

म्हणून सर्व्हिसिंगचं बिल देताना एक विचारा, गॅस्केट, म्हणजे या रबराच्या रिंगा, बदलल्या का आणि प्रेशर टेस्ट केली का, आणि केली असेल तर किती बारला. बॅटरी बदलतानासुद्धा विचारा, झाकण उघडलं म्हणजे त्याची रिंग हलली. विचारल्यावर दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर समजून जा.

मी स्वतः धुतल्या तांदळासारखा आहे असं नाही. १९८७ साली मी एकोणीस वर्षांचा, दुकानात अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, हाताखाली. तेव्हा आखातातून येणारा प्रत्येक माणूस एक तरी सीको घेऊन यायचा, रत्नागिरीकडचे एक गृहस्थ मस्कतहून आलेले, त्यांचं डायव्हर सीको, किल्ली चारच्या आकड्याजवळ असते तसलं. मी काटे लावले आणि किल्ली बंद करायला लागलो तर ती तिरकी बसतेय, जाईना पुढे. तरणं रक्त, घेतली पक्कड आणि दिला पिळ. कर्र असा बारीक आवाज झाला आणि किल्ली अचानक सैल फिरायला लागली. आटे गेले. अण्णांनी बघितलं, ओरडले नाहीत, स्वतःच्या हातातलं एचएमटी काढून त्या गृहस्थांना दिलं आणि म्हणाले, पोराने चूक केली, पार्ट येईपर्यंत हे वापरा. पार्ट यायला चार महिने लागले. चार महिने अण्णा मला दर थोड्या वेळाने विचारायचे, किती वाजले रे?

त्यामुळे किल्ली कशी लावायची ते लिहितोच, कारण कंपनीच्या पुस्तकात असतं पण वाचतं कोण. उघडताना उलटी फिरवा, आटे संपले की आतली स्प्रिंग किल्लीला बाहेर ढकलते, ते बोटाला कळतं. काम झालं की काटे लावायच्या जागेवरून आधी आत ढकला. मग बोटाने हलकेच दाबून धरा आणि आधी उलटीच फिरवा, हो उलटीच, पाव-अर्धा फेरा, आटा आट्यात पडतो तेव्हा अगदी बारीक टक् असं जाणवतं, बरणीचं झाकण लावताना आपण नकळत करतो ना, तेच. ते जाणवलं की मग सरळ पिळा. चिमटीने जेवढी जाते तेवढीच, पुढे जोर नाही, जास्त आवळल्याने जास्त पाणी अडत नाही, रबर चेपतं आणि आटे झिजतात. पिळताना अडली तर सोडा, परत उलटी फिरवा, परत सुरू करा. समुद्रावरून आल्यावर किल्ली बंद असतानाच गोड्या पाण्याने धुवा, मीठ आणि वाळू आट्यांत राहिली की पुढच्या वेळी उघडताना ती कानसीसारखी घासते. आणि ओल्या हाताने किल्ली उघडू नका, नळीच्या तोंडाशी अडकलेला थेंब तुम्हीच आत ढकलाल. ज्या स्पोर्ट्स घड्याळांना स्टॉपवॉचची बटणंही स्क्रूची असतात, रोलेक्स डेटोनाची असतात तशी, ती बटणंही बंद करायची, लोक किल्ली लावतात आणि बटणं उघडी ठेवून पूलमध्ये सूर मारतात.

एक राहिलं, कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसात किल्ली उघडून तारीख लावली आणि नंतर एसीत गेल्यावर काचेवर जरासं धुकं आलं तर लगेच पाणी शिरलं म्हणून धावत येऊ नका, उघडली तेव्हा शिरलेली दमट हवा असू शकते. थोड्या वेळाने गेलं आणि परत आलं नाही तर ठीक. परत परत येत असेल तर मात्र त्याच दिवशी या, तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदूळ घड्याळाच्या बाहेर आणि पाणी आत, आणि तोवर आतल्या स्टीलच्या बारीक पार्टांना गंज चढायला सुरुवात झालेली असते. खारं पाणी असेल तर उद्यावर टाकूच नका.

तुमच्या लेखकावर राग नाही, लेख कापून दुकानात लावलाय, गिऱ्हाईकं वाचतात. फक्त ग्लाइट्झबाईंची दुरुस्ती जमल्यास पुढच्या रविवारी छापावी, त्या बिचारीला एकदा पोहूनही लोकांनी परत पाण्यात उतरवलं होतं.

आपला,
एक घड्याळवाला, ठाणे

ता. क. फोटोतले गृहस्थ तुमच्या ओळखीतले असतील तर त्यांना कळवा, काच धुरकट झाली असेल तर दुकान सोमवारी बंद असतं.